शेततळ्याच्या पाण्याचा जमाखर्च

आपल्या जालना जिल्ह्यांत शेततळें ही गोष्ट आतां नवलाईची राहिलेली नाहीं. शासनानें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढून तळ्यामागें ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊं केलें, तेव्हांपासून गांवोगांव तळीं झालीं. तळें कसें खणावें, त्यांत प्लॅस्टिकचा कागद कसा अंथरावा, याविषयीं पुष्कळ लिहिलें व सांगितलें गेलें आहे. परंतु खणलेलें तळें कोणत्या पाण्यानें भरावें, केव्हां भरावें, आणि भरलेलें राखण्यास खरा खर्च किती पडतो, याचा हिशेब मांडणारे शेतकरी थोडे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दफ्तरांत जमा, खर्च व बाकी लिहिण्यांत गेलें. तीच रीत तळ्याच्या पाण्यास लावून पाहतां जें आढळलें, तें वाचक बंधूंपुढें ठेवीत आहें. त्यांत एक चूक माझी स्वतःचीही आहे. तीही यथास्थळीं सांगेन.

१. तळें हें कोठार आहे, झरा नव्हे

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानांत घ्यावी. कागद अंथरलेल्या तळ्यास स्वतःचा पाझर नसतो. त्यांत जितकें घालावें तितकेंच राहील, आणि त्यांतूनही रोज कांहीं कमी होईल. धान्याच्या कणगीस ज्याप्रमाणें घूस व सोंडे लागतात, त्याप्रमाणें तळ्यास ऊन, वारा व गळती हे तीन भागीदार लागलेले असतात. ते न विचारतां आपला वांटा उचलतात.

हिशेबासाठीं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें तळें घेऊं. बाजूंचा उतार एकास एक धरला, तर तळाशीं तें २४ मीटर लांब व तितकेंच रुंद राहतें. अशा तळ्यांत २,१९६ घनमीटर पाणी मावतें. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. अर्थात् हें पाणी सुमारें बावीस लाख लिटर झालें. हा आकडा मोठा वाटतो खरा. परंतु तो आपल्या विहिरीच्या मापानें मोजून पाहावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरींत आठ मीटर पाणी उभें असेल, तर तें २२६ घनमीटर भरतें. म्हणजे एक तळें भरण्यास अशी विहीर जवळजवळ दहा वेळां तळापर्यंत उपसावी लागेल. आपल्या काळ्या पाषाणांतील विहीर एकदां उपसल्यावर पुन्हां भरून येण्यास किती वेळ घेते, हें ज्याचें त्यास ठाऊकच आहे.

२. जमेची बाजू

तळ्यांत पाणी येण्याचे मार्ग तीन. पहिला, आकाशांतून थेट पडणारा पाऊस. आपल्याकडे वर्षास ६५० मिलिमीटर पाऊस धरला, तर तळ्याच्या ९०० चौरस मीटर तोंडावर ५८५ घनमीटर पाणी पडतें. परंतु पावसाळ्याच्या महिन्यांतही उघडीप असते व बाष्पीभवन चालू असतें. तें वजा जातां या जमेंतून हातीं फारसें उरत नाहीं.

दुसरा मार्ग, ओढ्यानाल्यांचें व शेतांतून वाहून जाणारें पाणी. ही खरी जमा होय. हें पाणी आपण घेतलें नाहीं, तरी तें शिवाराबाहेर निघून जाणारच असतें. मात्र तें गाळ बरोबर आणतें. म्हणून तोंडाशीं एक लहान खड्डा करून त्यांत गाळ बसवावा व निवळ पाणी तळ्यांत घ्यावें.

तिसरा मार्ग, विहिरीचें किंवा बोअरचें पाणी. पुष्कळ ठिकाणीं भर याच मार्गावर असतो. परंतु वहीच्या दृष्टीनें ही जमा नव्हे. हें एका खात्यांतून काढून दुसऱ्या खात्यांत टाकणें आहे. आणि पहिल्या खात्यास ऊन लागत नव्हतें, दुसऱ्यास लागतें.

जालना तालुक्यांतील कडवंची हें गांव द्राक्षबागांसाठीं व शेततळ्यांसाठीं सर्वांस माहीत आहे. तेथील तळीं पाहून आलेले लोक घरीं येऊन तळें खणतात. परंतु तेथें १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत बांधबंदिस्तीचें व पाणी अडविण्याचें काम झालें, हें विसरतात. शिवारांत पाणी आधीं मुरलें, द्राक्षें व शेंकडों तळीं मागाहून आलीं. हा क्रम उलटा केल्यास तळें दिसेल, पाणी दिसणार नाहीं.

३. उन्हाचा वांटा

आतां खर्च पाहूं. आपल्या भागांत उघड्या पाण्याची पातळी हिवाळ्यांत दिवसास सुमारें ४ मिलिमीटर, फेब्रुवारी-मार्चांत ६ मिलिमीटर व एप्रिल-मे महिन्यांत ९ मिलिमीटर उतरते, असें हिशेबापुरतें धरूं. वारा व ऊन यांप्रमाणें हें कमीजास्त होईल. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस तळें कांठोकांठ भरून ठेवलें आणि मेअखेरपर्यंत त्यास हातही लावला नाहीं, असें समजा. तर,

नोव्हेंबर ते जानेवारी, ९२ दिवस: ३६८ मिलिमीटर.
फेब्रुवारी व मार्च, ५९ दिवस: ३५४ मिलिमीटर.
एप्रिल व मे, ६१ दिवस: ५४९ मिलिमीटर.
एकूण: १,२७१ मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटरहून अधिक.

तळें वरच्या भागांत रुंद असल्यानें ही सव्वा मीटरची उतार सुमारें १,०५० घनमीटरची होते. म्हणजे २,१९६ पैकीं शेंकडा ४८ पाणी, एकाही झाडाच्या मुळास न लागतां, आकाशांत गेलें. एक एकर मोसंबीच्या बागेंत सहा मीटरवर लावलेलीं सुमारें ११० झाडें असतात. प्रत्येकास ठिबकनें उन्हाळ्यांत दिवसास १०० लिटर दिले, तर रोज ११ घनमीटर लागतात. तेव्हां जें पाणी उडून गेलें, तें एक एकर बागेस ९५ दिवस पुरणारें होतें. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हें ज्यांनीं पाहिलें, त्यांस ९५ दिवस या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

बाष्पीभवन पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसतें, तोंडाच्या पसाऱ्यावर असतें. तेवढेंच पाणी दोनच मीटर खोल तळ्यांत सांठवूं म्हटलें, तर तोंड ९०० ऐवजीं १,२३३ चौरस मीटर करावें लागतें आणि त्याच काळांत १,०५० ऐवजीं सुमारें १,४५५ घनमीटर पाणी उडतें. म्हणून मुरूम व खडक परवानगी देईल तितकें खोल जावें. केवळ खोदाई स्वस्त पडते म्हणून तळें पसरट करूं नये. पश्चिमेच्या वाऱ्यास आडोसा करावा, परंतु मुळ्या कागद फोडतील इतक्या जवळ झाडें लावूं नयेत. लहान तळ्यावर सावलीची जाळी ताणतां आली, तर उत्तमच.

या संबंधांत परदेशांतील एक उदाहरण मनोरंजक व बोधप्रदही आहे. अमेरिकेंत व इतरत्र, पायांस फळ्या बांधून मोटारनावेमागें दोरीनें पाण्यावरून घसरत जाण्याचा एक खेळ आहे. त्यासाठीं हौशी लोक खाजगी तळीं खणतात. खेळाचा ठराविक मार्गच २५९ मीटर लांब असतो. नावेस वेग घेण्यास व वळण्यास पुढेंमागें आणखी जागा लागते. असें तळें ६०० मीटर लांब व ६० मीटर रुंद समजलें, तर दिवसास ९ मिलिमीटर उतरल्यानें ३२४ घनमीटर, म्हणजे सव्वातीन लाख लिटर पाणी रोज उडेल. खेळासाठीं पातळी खालीं जाऊं देतां येत नाहीं. म्हणून मालकास उन्हाळाभर पंप चालवून उडालेलें पाणी भरीत राहावें लागतें. त्याचा तो सर्व खर्च केवळ तळें भरलेलें राहावें एवढ्यासाठीं असतो, आणि तो त्यानें हौसेनें पत्करलेला असतो. आपल्यास ती हौस परवडणारी नाहीं. आपलें तळें भरलेलें दिसावें हा आपला हेतु नव्हे. तें योग्य वेळीं रिकामें होऊन बाग उभी राहावी, हा हेतु आहे.

४. गळती ओळखण्याची रीत

उडालेलें पाणी आणि गळालेलें पाणी डोळ्यांस सारखेंच दिसतें; दोन्हींत पातळीच उतरते. त्यांचा निवाडा करण्याची सोपी रीत अशी. कांठावर रुंद तोंडाचें एक पिंप किंवा मोठें घमेलें पाण्यानें भरून, पक्षी व जनावरें पिणार नाहींत अशा बेतानें उन्हांत ठेवावें. तळ्यांत आंखलेली पट्टी उभी करावी. चार दिवस तळ्यांत पाणी सोडूं नये व त्यांतून काढूंही नये. चार दिवसांनीं दोहोंची उतार मोजावी. लहान भांडें लवकर तापत असल्यानें त्यांतील पाणी तळ्याहून अधिक उडतें. म्हणून भांड्याच्या उतारीचे दहांतील सात भाग तळ्याचें बाष्पीभवन धरावें.

समजा, चार दिवसांत भांड्यांतील पाणी ४० मिलिमीटर उतरलें. तर तळ्याचें बाष्पीभवन २८ मिलिमीटर झालें. तळें मात्र ७६ मिलिमीटर उतरलें असेल, तर ४८ मिलिमीटर गळती, म्हणजे दिवसास १२ मिलिमीटर. ९०० चौरस मीटरवर हें रोज १०,८०० लिटर होतें. वर सांगितलेल्या एक एकर बागेचें रोजचें पाणी असें गुपचूप जमिनींत जात असतें. अशा वेळीं आणखी पंप चालवून उपयोग नाहीं. आधीं कागदाचे जोड, खेकड्याउंदरांचीं भोंकें व नळाचें पाणी पडून झिजलेली जागा तपासावी. पातळी एका ठिकाणीं येऊन उतरण्याची थांबली, तर छिद्र त्याच उंचीच्या आसपास आहे असें समजावें. कागदावर पाय निसरतो; पाहणी करतांना दोरी बांधल्यावांचून उतारावर कोणीही जाऊं नये.

५. उपशाचा खर्च

पाणी जितकें उंच चढवावें तितकी शक्ति लागते, हें उघड आहे. उंची मोजतांना विहिरींतील पाण्याच्या पातळीपासून तळ्यांतील नळाच्या तोंडापर्यंतचें अंतर घ्यावें आणि त्यांत नळांतील घर्षणासाठीं कांहीं मीटर मिळवावेत. पंप व मोटार मिळून शंभरांतील चाळीस भाग शक्ति पाण्यास देतात असें धरलें, तर आपलें २,१९६ घनमीटरचें तळें भरण्यास पुढीलप्रमाणें वीज लागते.

सप्टेंबरांत विहीर तुडुंब असतांना, एकूण चढ १२ मीटर: सुमारें १८० युनिट.
फेब्रुवारींत पाणी खोल गेल्यावर, एकूण चढ २० मीटर: सुमारें ३०० युनिट.
एप्रिलांत बोअरमधून, एकूण चढ ७५ मीटर: सुमारें १,१२० युनिट.

तासाला साडेचार युनिट ओढणारी पांच अश्वशक्तीची मोटार असेल, तर हें काम अनुक्रमें ४०, ६६ व २५० तासांचें झालें. पाणी तेंच, तळें तेंच. महिना बदलला म्हणून खर्च सहापट वाढला. आणि एप्रिलांत भरलेल्या पाण्यावर ऊनही सर्वांत कडक असतें.

नळाविषयींही दोन शब्द लिहिणें जरूर आहे. ६३ मिलिमीटरचा नळ काढून ७५ चा घातला, तर तेवढेंच पाणी वाहतांना घर्षण निम्म्याहून कमी होतें. अंतर लांब असल्यास जाड नळाची किंमत लवकर वसूल होते. नळाचें तोंड कांठाच्या वर उंच करून पाणी धो धो पडतांना पाहणें कित्येकांस आवडतें. परंतु तेवढी प्रत्येक वीत उंची फुकट चढविलेली असते. तोंड कांठाशीं अगदीं खालीं ठेवावें, पाणी पडेल तेथें कागदाखालीं नव्हे तर वर जाड तुकडा अंथरावा, आणि मोटार थांबल्यावर तळ्याचें पाणी उलट विहिरींत ओढलें जाऊं नये म्हणून नळास झडप बसवावी.

६. फुकटच्या विजेचा हिशेब

येथें कोणी म्हणेल, की ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस २०२४ पासून पांच वर्षांसाठीं शासनानें वीज मोफत केली आहे. मग युनिटांचा हिशेब कशास? मीही असेंच म्हटलें होतें, आणि येथेंच माझी चूक सांगावयाची आहे.

सेवेंतून निवृत्त झाल्यावर मीं आष्टीच्या शिवारांत वर लिहिल्याच मापाचें तळें केलें. पावसाळ्यांत कागदाचें काम अपुरें राहिलें. फेब्रुवारींत तें पुरें झालें. वीज रात्रीची होती, बिल येणार नव्हतें. मीं मोटार सुरू केली. हिशेबानें ६६ तासांत काम व्हावयाचें. परंतु विहीर सहासात तासांत तळ गांठी व भरून येण्यास वेळ लागे. अशा रीतीनें महिनाभर उपसा चालला. त्याच फेऱ्यांत सर्वांच्याच मोटारी लागलेल्या असल्यानें दाब कमी येऊन माझी मोटार एकदां जळाली. ती भरून आणण्याचा खर्च बिलांत नव्हता, पण खिशांतून गेलाच.

मार्चच्या मध्यास तळें भरलें. मीं समाधानानें कांठावर उभा असतांना बांधाशेजारचे गृहस्थ आले. त्यांची विहीर माझ्या विहिरीपासून फार लांब नाहीं, आणि त्यांच्या वस्तीचें पिण्याचें पाणी तिच्यावरच. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “अण्णा, तुमच्या तळ्यांत चकाकतंय तें आमच्या हिरीचंच पाणी हाय.”

मीं जन्मभर इतरांच्या विहिरींच्या नोंदी लिहिल्या. परंतु दोन विहिरींखालचें पाणी एकच असतें, ही नोंद कोणत्याच उताऱ्यावर नसते. एप्रिलांत त्यांची विहीर आटली. मे महिन्यांत मीं माझ्या तळ्यांतून त्यांच्या हौदापर्यंत नळ टाकून पाणी दिलें. म्हणजे जमिनीखालीं त्यांस आपोआप मिळणारें पाणी मीं एकदां मोटारीनें वर काढलें, त्यांतील मोठा हिस्सा उन्हास दिला, आणि उरलेलें दुसऱ्यांदां मोटार लावून त्यांस परत केलें. वीज फुकट होती म्हणून हा व्यवहार शहाणपणाचा ठरत नाहीं. बिल शून्य आलें, तरी पाणी, मोटार, रोहित्र व शेजारधर्म या चारही खात्यांवर खर्च पडलेलाच होता.

७. भरण्याचा व वापरण्याचा क्रम

या अनुभवानंतर मीं पुढील क्रम ठरविला असून तो उपयोगी पडला आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळांत, ओढा वाहत असतां व विहीर तुडुंब असतां तळें भरून घ्यावें. तेव्हां चढ कमी, उपशाची झीज लवकर भरून येते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीसही धक्का लागत नाहीं. हिवाळ्यांत पिकांस विहिरीचें पाणी थेट द्यावें; तें तळ्यांतून फिरवून आणूं नये. या दिवसांत तळ्याचें बाष्पीभवनही सर्वांत कमी असतें, म्हणून तें राखून ठेवणें चालतें.

फेब्रुवारी लागतांच क्रम उलटा करावा. आतां तळ्याचें पाणी आधीं वापरावें व विहिरीस विश्रांति द्यावी. ऊन वाढत जाईल तसतसें उघड्यावरचें पाणी कमी होत गेलें पाहिजे आणि झांकलेलें पाणी शेवटासाठीं उरलें पाहिजे. बहुतेक लोक याच्या उलट करतात. तळें मे महिन्यासाठीं म्हणून जपून ठेवतात, आणि मे महिना येईपर्यंत ऊन तें पिऊन टाकतें. मोसंबीवाल्यांनीं तर जानेवारींतच पट्टीवरून पाणी मोजून, बाष्पीभवन वजा करून, किती झाडें पोसतां येतील तें ठरवावें. जितकें पाणी तितकाच बहार धरावा.

आपल्या जालना शहरास निजामाच्या काळीं घाणेवाडीच्या तलावांतून पाणी देण्याची सोय झाली, ती उताराच्या जोरावर. पाणी आपल्याच वजनानें शहरापर्यंत येई. ज्याच्या शेतांत वरच्या अंगास तळें करण्याजोगी जागा असेल, त्यानें तीच निवडावी. वर एकदां पोंचलेलें पाणी खालच्या बागेस मोटारीवांचून मिळतें.

८. सारांश

(१) तळें भरण्यापूर्वीं त्याचें पाणी घनमीटरांत व आपल्या विहिरीच्या मापांत काढावें.
(२) तळ्यांत पट्टी उभी करावी व दर आठवड्यास पातळी वहींत लिहावी. न लिहिलेला खर्च हा खर्च नव्हे, असें मानूं नये.
(३) पसरट तळ्यापेक्षां खोल तळें पसंत करावें.
(४) दिवाळीनंतर विहिरीचें पाणी तळ्यांत टाकूं नये. बोअरचें तर केव्हांच टाकूं नये.
(५) पातळी अधिक उतरूं लागल्यास पंप लावण्यापूर्वीं गळतीची परीक्षा घ्यावी.
(६) फेब्रुवारीपासून आधीं तळें, मागाहून विहीर.
(७) वीज फुकट असली तरी उपशाचे तास लिहून ठेवावेत, आणि बांधाशेजारच्या विहिरीची पातळीही अधूनमधून विचारून घ्यावी.

या सातव्या कलमास वाचक हंसतील. परंतु ज्या हिशेबांत शेजाऱ्याची विहीर धरलेली नाहीं, तो हिशेब जुळला तरी खरा नव्हे, हें मीं एका भरलेल्या तळ्याच्या कांठावर उभा राहून शिकलों.

— एक निवृत्त महसुली कारकून, आष्टी